गाठ गेली कुठे?

बोस्टन हे अमेरिकेतले एक मोठे शहर आहे. समुद्राच्या काठी वसलेले आहे. लष्करात नोकरी केलेल्या शिपायांसाठी तिथे सरकारी इस्पितळ आहे. १९६८ साली त्या इस्पितळात एक माणूस पोट धरून आला. वय ६३. पोटात कळा येत होत्या.

त्याला तपासायला आलेले डॉक्टर अगदी तरुण होते. तिशीसुद्धा गाठली नव्हती. शस्त्रक्रियेचे, म्हणजे ऑपरेशनचे, शिक्षण अजून चालूच होते. त्यांचे नाव स्टीव्हन रोझेनबर्ग.

डॉक्टरांनी पोट चाचपले. पित्ताशय बिघडले होते. पित्ताशय म्हणजे काय? बकरे कापल्यावर कलेजी निघते, ती तुम्ही पाहिली असेल. तिला चिकटून हिरवट पाण्याची एक लहान पिशवी असते. ती फुटली तर मटण कडू होते. म्हणून खाटीक ती जपून काढतो. माणसाच्या पोटातही तशीच कलेजी असते. तिला यकृत म्हणतात. आणि तिला चिकटून तशीच पिशवी असते. ते पित्ताशय. ते बिघडले तर पोट उघडून काढून टाकतात. माणूस बरा होऊन घरी जातो.

इथवर नवल काहीच नाही. नवल पुढेच आहे.

डॉक्टरांनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे विचारले, मागे कधी मोठे दुखणे झाले होते का? त्या माणसाने सांगितले, बारा वर्षांपूर्वी माझे पोट उघडले होते. मला जठराचा कर्करोग होता.

कर्करोग म्हणजे कॅन्सर. जठर म्हणजे पोटातली अन्नाची पिशवी. रोझेनबर्ग यांना वाटले, हा माणूस काहीतरी चुकीचे सांगतो आहे. जठराचा कर्करोग झालेला माणूस बारा वर्षे जगतो कसा? त्यांनी जुने कागद शोधून काढले. कागदात सगळे लिहिलेले होते. जठरात मुठीएवढी गाठ होती. रोग यकृतावरही पसरला होता. तिथे आणखी गाठी होत्या. डॉक्टरांनी जठराचा बराचसा भाग कापून काढला होता. पण यकृतावरच्या गाठी काढण्यासारख्या नव्हत्या. त्या तशाच आत ठेवल्या आणि पोट शिवून टाकले. जखम पिकली होती. रोग्याला तापही आला होता. मग त्याला घरी पाठवले. घरी पाठवले याचा अर्थ तुम्हाला कळला असेल. आता आपल्या हातात काही नाही, असाच त्याचा अर्थ.

पण तो मेला नाही. काही महिन्यांनी तपासायला आला, तर वजन वाढलेले. पुढे तो कामावर जाऊ लागला. कर्करोगावर त्याने दुसरे कोणतेही औषध घेतले नव्हते. उलट दारू मात्र भरपूर पीत होता.

रोझेनबर्ग यांच्या मनात आले, मुळात तो कर्करोग नसेलच. बारा वर्षांपूर्वी तपासणाऱ्यांची चूक झाली असेल. कापलेल्या गाठीचा पातळ पापुद्रा काचेच्या पट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहतात. सूक्ष्मदर्शक म्हणजे बारीक वस्तू मोठी करून दाखवणारे यंत्र. अशा काचपट्ट्या इस्पितळे वर्षानुवर्षे जपून ठेवतात. त्यांनी त्या जुन्या पट्ट्या बाहेर काढल्या आणि जाणकाराकडून पुन्हा तपासून घेतल्या. तो कर्करोगच होता. त्यात शंका नव्हती.

मग ऑपरेशनचा दिवस आला. पोट उघडले. पित्ताशय काढले. आणि तरुण डॉक्टरांनी हात आत घालून सगळे यकृत बोटांनी चाचपून पाहिले. एका बाजूने पाहिले, दुसऱ्या बाजूने पाहिले. कर्करोगाची गाठ दगडासारखी टणक असते. ती बोटाला लागल्याशिवाय राहत नाही. पण गाठ कुठेच नव्हती. यकृत मऊ होते, गुळगुळीत होते.

मग गाठी गेल्या कुठे?

दुसरा एखादा डॉक्टर म्हणाला असता, नशीबवान माणूस आहे. असे म्हणून पुढच्या रोग्याकडे गेला असता. त्यात त्याची चूकही म्हणता आली नसती. इस्पितळात कामाचा रगाडा असतो. पण रोझेनबर्ग यांच्या डोक्यातून ती गोष्ट जाईना. औषध दिले नाही, गाठ कापली नाही. म्हणजे या माणसाच्या शरीरानेच तिला मारले असले पाहिजे. एका शरीराला हे जमले, तर दुसऱ्यालाही ते शिकवता येईल का?

या एका प्रश्नापायी त्यांनी पुढचे सारे आयुष्य घातले.

त्यांचे लहानपण न्यूयॉर्क शहरात गेले. आईवडील पोलंड देशातून आलेले, ज्यू धर्माचे. वडील चहा-फराळाचे लहानसे दुकान चालवत. १९४५ साली महायुद्ध संपले. तेव्हा स्टीव्हन पाच वर्षांचे होते. घरी पोस्टाची कार्डे येऊ लागली. जर्मनीच्या हिटलरने लाखो ज्यू लोकांना छळछावण्यांत घालून मारले होते. आपले अमके नातेवाईक गेले, तमके गेले, असे त्या कार्डांत लिहिलेले असे. आईवडील वाचत आणि रडत. माणसे माणसांचे इतके वाईट करतात, हे त्या पोराने पाहिले. आपण माणसांचे दुःख कमी करणारे काम करायचे, असे त्याने तेव्हाच ठरवले. पुढे ते डॉक्टर झाले. नुसते डॉक्टर होऊन थांबले नाहीत. प्रयोगशाळेत काम करण्याची वेगळी पदवीही घेतली. सुरी हातात धरणारे पुष्कळ असतात. सुरीही धरायची आणि सूक्ष्मदर्शकही पाहायचा, असे थोडे असतात.

आता त्यांनी पहिला प्रयोग कोणता केला तो ऐका. त्याच इस्पितळात जठराच्या कर्करोगाने मरायला टेकलेला दुसरा एक रोगी होता. रोझेनबर्ग यांनी पित्ताशयवाल्या माणसाचे रक्त काढले आणि त्या रोग्याला चढवले. विचार साधा होता. ज्याच्या रक्ताने रोग हरवला, त्याचे रक्त दुसऱ्याला द्यावे. आपणही दुधाला विरजण असेच लावतो. पण इथे विरजण लागले नाही. रक्त देऊन काही उपयोग झाला नाही. तो रोगी वारला.

असे नवल पाहणारे रोझेनबर्ग हे पहिलेच नव्हते. त्यांच्याआधी ७७ वर्षे, म्हणजे १८९१ साली, न्यूयॉर्कमध्येच विल्यम कोली नावाचे सर्जन होते. तेही तेव्हा २९ वर्षांच्या आतबाहेर होते. त्यांच्या हाताखाली एक सतरा वर्षांची मुलगी हाडाच्या कर्करोगाने गेली. हात कापला तरी वाचली नाही. ते फार कष्टी झाले. इस्पितळाची जुनी दप्तरे चाळत बसले. त्यात एका माणसाची हकीकत सापडली. मानेवर कर्करोगाची गाठ होती. ती पुन्हापुन्हा कापली तरी उगवत होती. पुढे त्याला विसर्प झाला. विसर्प म्हणजे कातडी लालभडक होऊन ताप चढतो तो रोग. आपल्याकडे काही जण त्याला धावरे म्हणतात. त्या तापात त्याची गाठ विरून गेली. कोली यांनी त्या माणसाचा शहरभर शोध घेतला. सात वर्षे झाली होती, तरी तो ठणठणीत होता. मग कोली यांनी कर्करोगाच्या रोग्यांना मुद्दाम विसर्पाचे जंतू टोचले. पुढे मारलेल्या जंतूंची लस टोचू लागले. काही रोगी बरे झाले, काही त्या तापानेच गेले. कोणाला गुण येईल आणि कोणाला येणार नाही, हे त्यांना आधी सांगता येत नसे. गुण का येतो, हेही सांगता येत नसे. म्हणून बाकीच्या डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. कोली १९३६ साली वारले आणि त्यांची लस मागे पडली.

हा धडा छापण्याआधी आम्ही तो एका गावी रात्रीच्या वर्गात वाचून दाखवला. कंदिलाचे दिवस आता गेले. विजेचा दिवा होता. पण वर्ग जुनाच, चावडीच्या ओट्यावरचा. इथवर वाचून झाले आणि मागे बसलेल्या एक काकू उठून उभ्या राहिल्या.

“गुरुजी, एक इचारू का? माझ्या जावेच्या छातीत गाठ आलीय. लिंबाएवढी. दुखत नाही, म्हणून ती कुणाला दाखवत नाही. आता तुम्ही म्हणता, गाठ आपोआप जाते. मग वाट बघायची का?”

वर्ग एकदम गप्प झाला. खरे सांगायचे तर मीही घाबरलो. आपण चांगली गोष्ट सांगायला जातो आणि ऐकणारा तिचा भलताच अर्थ घेतो, तो असा.

“नाही काकू,” मी म्हणालो. “अजिबात वाट पाहायची नाही. त्या अमेरिकेतल्या माणसासारखा माणूस हजारो डॉक्टरांना जन्मभर भेटत नाही. म्हणून तर त्याची गोष्ट झाली. जी गोष्ट रोज घडते, ती कोणी छापत नाही.”

“पण दुखत नाही ना, गुरुजी.”

“तेच तर वाईट आहे. छातीतली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. दुखली असती तर तुमच्या जाऊबाई केव्हाच डॉक्टरकडे गेल्या असत्या. सगळ्याच गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कोणती आहे आणि कोणती नाही, हे तपासल्याशिवाय कोणाला कळणार? लहान असताना गाठ काढली, तर पुष्कळ बाया बऱ्या होतात.”

“पैसा किती लागतो?”

“तपासणीला सरकारी दवाखान्यात चला. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या बऱ्याच शस्त्रक्रिया बसतात. आधी रेशनकार्ड घेऊन तालुक्याला जा.”

काकू बसल्या. मग मी पुढचा धडा वाचला. तोच आता तुम्हीही वाचा.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. पेशी म्हणजे शरीराचा बारीकात बारीक कण. भिंत जशी विटांची, तसे शरीर पेशींचे. या पांढऱ्या पेशी म्हणजे गावचे जागले. रात्रंदिवस गस्त घालतात. परका दिसला की धरतात. पायाला काटा लागून जखम पिकली, की जांघेत अवधाण येते. ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. ते अवधाण म्हणजे जागल्यांची चौकीच. तिथे जागले गोळा होतात, वाढतात आणि जंतूंशी झुंजायला निघतात. म्हणून ती गाठ सुजते. जखम बरी झाली की ती बसते.

मग कर्करोगाला हे जागले का धरत नाहीत? कारण कर्करोग परका नसतो. जंतू बाहेरून येतो. कर्करोग हा आपल्याच घरातला बिघडलेला मुलगा. आपलीच एखादी पेशी बिघडते आणि वेड्यासारखी वाढत सुटते. तिचे नाव, गाव, कपडे सगळे आपलेच. जागल्याला वाटते, हा तर ओळखीचा आहे. तो त्याला सोडून देतो. क्वचित एखादा हुशार जागल्या ओळखतो, की हा आपला असला तरी चोर झाला आहे. पण असे हुशार जागले फार थोडे असतात. चोर लाखोंनी वाढतात आणि जागले दहावीस. ते काय करणार?

रोझेनबर्ग यांच्यापुढचे कोडे हेच होते. हे हुशार जागले वाढवायचे कसे?

१९७४ साली त्यांना मोठी जागा मिळाली. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा या गावी अमेरिकन सरकारची कर्करोगाची संस्था आहे. तिथल्या शस्त्रक्रिया विभागाचे ते प्रमुख झाले. वय तेव्हा अवघे ३३. पण जागा मिळाली म्हणजे उत्तर मिळाले असे नाही. उत्तर मिळायला आणखी दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत त्यांनी काय काय करून पाहिले! रोग्याच्या गाठीचे तुकडे डुकरांना टोचले. डुकराचे शरीर त्या गाठीला परकी समजते आणि तिच्याविरुद्ध जागले तयार करते. ते जागले काढून रोग्याला दिले. ऐकायला विचित्र वाटते. पण विचार करून पाहा, यात बुद्धी आहे. तरीही गुण आला नाही.

पुढे एक नवी वस्तू हाती आली. १९७६ साली अमेरिकेतल्याच दुसऱ्या शास्त्रज्ञांना ती सापडली होती. जागले एकमेकांना एक रस पाठवतात. तो रस मिळाला की ते भराभर वाढतात. कोंबडीच्या पिलांना दाणा मिळावा तसे. या रसाचे नाव इंटरल्युकिन-२. आपण त्याला जागल्यांचा खुराक म्हणू. पण हा खुराक शरीरात अगदी कणभर असतो. तो गोळा करायचा म्हणजे आडातले पाणी चमच्याने उपसण्यासारखे. १९८३ साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी त्याचे बीज शोधून काढले. मग ते बीज साध्या जंतूंमध्ये घातले, की ते जंतूच तो खुराक तयार करून देऊ लागले. आता तो घागरीने मिळू लागला.

रोझेनबर्ग यांनी तो रोग्यांना द्यायला सुरुवात केली. त्यांच्याकडे येणारे रोगी कोण असत? बाकी सगळे उपाय हरलेले. आपण फार दिवस जगणार नाही, हे त्यांना ठाऊक असे. तरी नवे औषध घ्यायला ते कबूल होत. एक गेला. दुसरा गेला. दहा गेले. पन्नास गेले. कधी नुसत्या पेशी दिल्या, कधी नुसता खुराक. असे करत साठांहून जास्त रोगी झाले. त्यांतला एकही वाचला नाही.

मला इथे थांबून विचारावेसे वाटते, की हा माणूस त्या रात्री झोपत कसा असेल? प्रत्येक रोग्याशी बोलायचे, त्याच्या बायकोशी बोलायचे, मुलांशी बोलायचे. आशा लावायची आणि मग हात टेकायचे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. काही लोक म्हणत, हे थांबवा. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असे मी म्हणणार नाही. त्या औषधाचा त्रास फार भयंकर होता. पण थांबवले असते तर पुढची गोष्ट घडली नसती, हेही खरे.

१९८४ च्या अखेरीस एक ३३ वर्षांची बाई आली. अमेरिकेच्या नौदलात नोकरीला होती. तिला मेलॅनोमा झाला होता. हा कातडीचा कर्करोग. तिळासारख्या काळ्या डागातून वाढतो. गोऱ्या लोकांत तो जास्त आढळतो. तिच्या अंगभर गाठी पसरल्या होत्या. कोणताही उपाय चालला नव्हता.

रोझेनबर्ग यांनी तिच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढल्या. बाहेर, काचेच्या भांड्यात, त्या खुराकावर पोसल्या. मग परत तिच्या शिरेत सोडल्या. आणि वरून खुराकही भरपूर दिला. पूर्वी कोणाला दिला नव्हता इतका दिला. त्याचा तिला फार त्रास झाला. या खुराकाने रक्ताच्या नळ्या पाझरू लागतात. फुटक्या माठासारखे पाणी बाहेर झिरपते. अंग सुजते, फुप्फुसात पाणी साचते, श्वास घेता येत नाही. बाई मरता मरता वाचली. औषध थांबवावे लागले.

मग काही आठवड्यांनी पाहिले, तर गाठी मऊ पडू लागल्या होत्या. त्या आतून मरत होत्या. आणखी काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढले. फोटोत गाठ नव्हती. एकही नाही.

सोळा वर्षांपूर्वी एका यकृतावर बोटे फिरवून जे कळले होते, ते आता मुद्दाम घडवून आणता आले होते.

१९८५ च्या डिसेंबरात त्यांनी आपले काम छापून जगापुढे ठेवले. २५ रोग्यांना हा उपचार दिला होता. त्यांपैकी ११ जणांच्या गाठी निम्म्याहून जास्त आटल्या होत्या. पूर्णपणे गेल्या त्या एकाच्याच. वर्तमानपत्रांनी मोठमोठे मथळे दिले. कर्करोगावर औषध सापडले, असा डांगोरा झाला. लोकांनी इस्पितळाला फोन करून करून बेजार केले. पण २५ पैकी १४ जणांना तसा गुण आला नव्हता. ते मथळ्यात कोण लिहितो? पुढे काही रोगी या उपचाराच्या त्रासानेच दगावले. अमेरिकन सरकारने हे औषध १९९२ साली मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्य केले. मूत्रपिंड म्हणजे किडनी. १९९८ साली मेलॅनोमासाठी मान्य केले. त्याने थोड्याच रोग्यांना गुण येतो. पण ज्यांचा रोग पूर्ण जातो, त्यांतल्या बहुतेकांचा तो परत येत नाही.

रोझेनबर्ग इथे थांबले नाहीत. ते सर्जन होते. रोज कर्करोगाच्या गाठी कापून बाहेर काढत. ती गाठ चिरून पाहिली, की आत जागलेही सापडत. हे जागले गाठीत शिरलेले. म्हणजे चोराला ओळखणारे. बाकी रक्तात लाखो जागले, पण हे नेमके. शेतकरी बियाणे कसे निवडतो? सगळी रास पेरत नाही. भरलेली कणसे बाजूला काढतो. तसेच त्यांनी केले. गाठीतले जागले वेचले, खुराकावर अब्जांनी वाढवले आणि ज्याचे त्याला परत दिले. १९८८ साली त्यांनी हे काम छापले. पण ते दवाखान्यात औषध म्हणून यायला फार वर्षे गेली. मेलॅनोमासाठी अमेरिकेत त्याला २०२४ साली परवानगी मिळाली. मधे ३६ वर्षे गेली. या कामात घाई करून चालत नाही.

याच वाटेवर दुसरेही लोक चालत होते. आपलेच जागले आपल्याच माणसांना मारू नयेत म्हणून शरीर त्यांच्या पायात बेडी घालते. कर्करोग लबाड असतो. तो ती बेडी आणखी घट्ट करतो. ती बेडी कशी सोडवायची, हे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होन्जो यांनी शोधले. त्यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही बेडी सोडवणारी औषधे आज आपल्या देशातही वापरतात.

आणि आता मुंबईजवळची गोष्ट. जागल्याला चोर ओळखता येत नसेल, तर त्याला चोराची खूण शिकवायची, असा विचार निघाला. रक्ताच्या काही कर्करोगांत बिघडलेल्या पेशींच्या अंगावर एक ठरावीक खूण असते. रोग्याचे रक्त काढायचे. त्यातले जागले वेगळे करायचे. त्यांच्यात नवे बीज घालायचे, म्हणजे ती खूण त्यांना ओळखू येते. मग वाढवून परत द्यायचे. बेथेस्डाच्या संस्थेत रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उपचाराने एका रोग्याच्या अवधाणाच्या जागचा कर्करोग हटवला. २०१० साली ते छापून आले. अमेरिकेत २०१७ साली अशा उपचारांना परवानगी मिळाली. पण किंमत ऐकाल तर डोळे पांढरे होतील. आपल्या रुपयांत ती कोटींच्या घरात जाते.

पवईची आयआयटी आणि परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल यांनी मिळून तो उपचार इथेच तयार केला. टाटा हॉस्पिटल १९४१ सालापासून कर्करोगाचे काम करते. त्याचे संशोधनाचे केंद्र नव्या मुंबईत खारघरला आहे. भारत सरकारने २०२३ साली या देशी उपचाराला परवानगी दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईला येऊन तो लोकांसाठी खुला केला. परदेशापेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे. पण स्वस्त म्हणजे कोटींऐवजी लाखांत. ज्याची दोन एकर कोरडवाहू आहे, त्याला दोन्ही आकडे सारखेच. हे उघड बोलले पाहिजे. आणि हा उपचार सगळ्या कर्करोगांवर चालत नाही. तंबाखूने तोंडाला होतो त्या कर्करोगावर तर नाहीच. रक्ताच्या ठरावीक कर्करोगात, बाकीचे उपाय करूनही रोग उलटला, तरच तो देतात. रोग्याच्याच पेशी गोठवून पिशवीत भरून येतात. पिशवीवर त्याचे नाव असते. दुसऱ्या कोणाला ती चालत नाही.

बोस्टनच्या त्या शिपायाच्या गाठी नेमक्या कशाने विरल्या, हे कोणालाच सिद्ध करता आलेले नाही. नौदलातली ती बाई मात्र तीस वर्षांनंतरही हयात होती.

काकूंच्या जाऊबाईंना यातले काही लागले नाही. पुढच्याच आठवड्यात दोघी रेशनकार्ड घेऊन तालुक्याला गेल्या. तिथून जिल्ह्याला. गाठ कर्करोगाची निघाली. पण लहान होती. काखेत पोचली नव्हती. ती काढली, नंतरची औषधे झाली. केस गेले होते, ते परत आले. आता त्याही काकूंबरोबर वर्गाला येतात. हा धडा त्यांनी स्वतः वाचला. ‘इंटरल्युकिन’ या शब्दाला अडल्या. काकूंनी मागून सांगितला.